कुंग : एका आडनावाचे वतन

कन्फ्यूशियस या नावाने ज्या पुरुषाला सारे जग ओळखते, त्याच्या कानांवर ते नाव हयातीत एकदाही पडले नव्हते. चीनमध्ये धर्मप्रसारार्थ गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी 'कुंग-फू-त्सु', म्हणजे 'कुंग गुरुजी', या आदरार्थी संबोधनाला लॅटिन प्रत्ययाचा झगा चढविला, आणि १६८७ साली पॅरिस येथे छापून निघालेल्या त्यांच्या ग्रंथाने तो वेष युरोपभर रूढ केला. त्या झग्याआड मूळचे म्हणून जे राहिले ते पहिले अक्षर. आणि चिनी रिवाजाप्रमाणे आडनाव आधी व नाव मागाहून येत असल्यामुळे ते पहिले अक्षर म्हणजे त्या पुरुषाचे आडनाव होय. चीनच्या गादीवर जी जी राजकुळे येऊन बसली, ती सारी आपापल्या वेळी उठून गेली. परंतु चुफू गावातील कुंगांची गादी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत नांदत राहिली. एखाद्या वतनदाराने दर नव्या अंमलात जुनी सनद पुढे करून ती बहाल करून घ्यावी, त्याप्रमाणे या घराण्याने आपले आडनावच वतनासारखे सांभाळले. त्या वतनाची ही हकीकत.

प्राचीन चीनमध्ये कुलीन माणसाला दोन कुलनामे असत. एक 'शिंग', ते आपल्या गोत्रासारखे मूळ वंशाचे. दुसरे 'शी', ते त्या वंशाच्या शाखेचे, आडनावाच्या जवळ जाणारे. सगोत्र विवाह निषिद्ध असल्यामुळे शिंग हे मुलीच्या नावाशी जोडले जाई, आणि पुरुष शी लावीत, कारण त्यावरून त्यांचे घराणे, हुद्दा आणि जहागीर कळे. पुष्कळ जुन्या शिंगांच्या अक्षरांत 'स्त्री' हे चिन्ह अद्याप दिसते. पुढे चिन व हान सम्राटांच्या काळी जुनी सरंजामी व्यवस्था मोडली, तेव्हा या दोहोंतील भेद पुसट होत जाऊन एकच आडनाव उरले. कुंग हे मुळात शी. या कुळाचे शिंग 'त्सु', आणि त्सु या अक्षराचा अर्थ मूल. ते शांग राजवंशाचे शिंग होते, आणि त्या राजवंशाची उत्पत्तिकथा अशी की, च्येन-ती नावाच्या स्त्रीने काळ्या पक्ष्याचे, म्हणजे पाकोळीचे, अंडे गिळले व त्यातून तिला मूलपुरुष झाला.

कुंग हे अक्षर लिहिताना डावीकडे तेच 'मूल' काढावे लागते, आणि उजवीकडे एक वळणदार आकडी. इ. स. १०० च्या सुमारास शू शेन या कोशकाराने ती आकडी म्हणजे पाकोळी असा उलगडा केला: पाकोळी परत आली की लोक संतती मागत, म्हणून पक्षी आणि मूल एकत्र आले, आणि हा शुभयोग असल्यामुळे प्राचीनांत ज्याचे नाव 'जिया', अर्थात उत्तम, असे त्याचे संबोधनाचे नाव 'कुंग' ठेवीत. अर्वाचीन लिपिज्ञांपैकी काहींना मात्र त्या आकडीत पक्षी दिसत नाही. त्यांना तिथे स्तन दिसतो, आणि त्याला लागलेले मूल. या अक्षराचा 'छिद्र' हा जो रोजच्या वापरातील अर्थ, तो त्यांच्या मते त्यातूनच निघाला. वाचकाने हे दुसरे चित्र लक्षात ठेवावे. पुढे एका ठिकाणी त्याची आठवण होईल.

इ. स. पूर्व अकराव्या शतकात चौ राजांनी शांगांचे राज्य जिंकले. परंतु ज्या पितरांना पिंड देणारा कोणी उरत नाही ते भुते होऊन पीडा देतात, अशी त्या काळची दृढ श्रद्धा असल्यामुळे, जित राजकुळातील एका पुरुषास सुंग नावाचे छोटे राज्य तोडून दिले गेले, ते अशासाठी की शांग पितरांची श्राद्धे खंडित होऊ नयेत. जिंकणाऱ्याने जिंकलेल्याचा वंश आपल्याच हिताकरिता पोसावा, ही जी रीत पुढे कुंगांच्या इतिहासात वारंवार दिसते, तिचा पहिला पाठ अशा रीतीने त्यांच्या पूर्वजांनाच मिळाला होता. या सुंग राजघराण्याच्या एका शाखेत जिया नावाचा पुरुष झाला. तो राज्याचा सेनामंत्री होता आणि त्याचे संबोधन होते 'कुंग-फू'. इ. स. पूर्व ७१० मध्ये त्याचा खून झाला. जुन्या बखरींनुसार, ह्वा-तू नावाच्या दुसऱ्या मंत्र्याने एकदा रस्त्यात जियाची पत्नी समोरून येताना पाहिली, ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडे पाहतच राहिला, आणि अखेर त्याने जियाला ठार मारून तिला पळविले. राजा संतापला तेव्हा त्याने राजालाही मारले. राजकुळापासून पाच पिढ्या दूर गेलेल्या शाखेने स्वतंत्र कुलनाम घ्यावे असा तेव्हाचा संकेत होता. त्यानुसार या निहत पुरुषाचे संबोधन हेच त्याच्या वंशजांचे कुलनाम झाले. ह्वा घराण्याचा ससेमिरा चुकविण्यासाठी ते सुंग सोडून शेजारच्या लू राज्यात गेले आणि राजवंशाचे ते लोक तिथे साधे शिलेदार होऊन राहिले.

त्यांपैकी शू-ल्यांग हो याची एकच गोष्ट इतिहासात आहे, पण ती नजरेसमोर उभी राहते. इ. स. पूर्व ५६३ मध्ये पी-यांग या तटबंदी नगराला वेढा पडला असता, आतल्यांनी मुद्दाम वेस उघडली, हल्ला करणारे आत घुसले, आणि वरून टांगलेला अवजड दरवाजा अकस्मात खाली सोडण्यात आला. हो याने तो हातांवर झेलून धरला आणि आत अडकलेले सोबती त्याखालून बाहेर पडेपर्यंत सोडला नाही. या पुरुषाला उतारवयात, नी नावाच्या टेकडीला नवस केल्यावर, इ. स. पूर्व ५५१ मध्ये जो मुलगा झाला त्याचे नाव 'च्यू', म्हणजे टेकडी, असे ठेवले. कुंग च्यू हाच कन्फ्यूशियस. त्याला मुलगा झाला तेव्हा लूच्या राजाने त्याच्याकडे एक मासा भेट पाठविला, म्हणून त्या मुलाचे नाव 'ली', म्हणजे त्या जातीचा मासा. इतकी घरगुती, इतकी लहान होती त्या वेळी या कुळाची दुनिया! इ. स. पूर्व ४७९ मध्ये गुरू वारला तेव्हा त्याच्यामागे ना राज्य होते ना जहागीर. होते ते शिष्य आणि एक नातू, आणि पुढे कित्येक पिढ्या वंशाची दोरी एकेका मुलावरच तोलून राहिली.

इ. स. पूर्व २१३ मध्ये चिन सम्राटाने जुने ग्रंथ जाळण्याचे फर्मान काढले, तेव्हा कुंग फू नावाच्या वंशजाने घराच्या भिंतीत ग्रंथ चिणून ठेवले अशी परंपरा आहे; बंडाचे निशाण उभारले जाताच हाच कुंग फू बंडखोरांना जाऊन मिळाला आणि तिकडेच मेला. चिनांचा अंमल बुडाल्यावर हान राजवंश स्थापन करणारा लिऊ पांग हा मूळचा खेडूत. विद्वानांची त्याला अशी चीड की, कोणी शास्त्री टोपी घालून समोर आला की ती हिसकावून तो तिच्यात लघवी करी, असे सुमा च्येन या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तोच लिऊ पांग सम्राट झाल्यावर इ. स. पूर्व १९५ मध्ये चुफूवरून जाता जाता थांबला आणि बैल, मेंढा व डुक्कर असा त्रिविध बळी देऊन त्याने कन्फ्यूशियसची पूजा केली. घोड्यावर बसून राज्य जिंकता येते, चालविता येत नाही, हे त्याला एव्हाना कळले होते. तेव्हापासून दर सम्राटाला चुफूची वाट ठाऊक झाली, आणि सुमा च्येनने तर कन्फ्यूशियसचे चरित्र सरंजामदार घराण्यांच्या विभागात घातले, ज्या विभागात बसण्यास लागणारी वीतभर जहागीरही त्या पुरुषाजवळ नव्हती.

वतन मोठे झाले की त्यावर डोळा ठेवणारेही निपजतात. थांग साम्राज्य कोसळून जी बजबजपुरी माजली, तिच्यात, ९१३ साली, या घराण्यावर जे संकट आले त्याची कथा कुंगांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. देवळाच्या आणि थडग्यांच्या झाडलोटीसाठी नेमलेल्या कुटुंबांपैकी एक कुंग मो नावाचा माणूस होता. तो आडनाव धन्याचे लावी, पण रक्ताने परका होता. त्याने बेचाळीसाव्या पिढीचा वारस कुंग क्वांग-स्स याचा खून करून वतन बळकावले आणि तो त्याच्या नऊ महिन्यांच्या मुलाच्या शोधात निघाला. हे मूल, कुंग रन-यू, चांग नावाच्या एका बाईच्या घरी होते. तिच्या अंगावर ते दूध पीत होते आणि तिला स्वतःलाही त्याच वयाचा मुलगा होता. मारेकरी दाराशी आले तेव्हा तिने आपल्या मुलाच्या अंगावर रन-यूचे कपडे चढविले आणि त्याला पुढे केले. कुंग मोने त्याला मारले आणि निश्चिंत होऊन सतरा वर्षे गुरूच्या वंशजाचा मान उपभोगला. रन-यू चांग आडनावाखाली वाढला. ९३० साली खरा प्रकार दरबारी उघड झाला, कुंग मोला देहान्त शासन मिळाले आणि त्रेचाळीसाव्या पिढीचे वतन रन-यूला बहाल झाले. कुंग त्याला 'पुनरुद्धारक पूर्वज' म्हणतात. त्या दिवसापासून 'आतले कुंग' आणि 'बाहेरचे कुंग' असा भेद पडला, बाहेरच्यांना वंशावळीच्या वहीची दारे बंद झाली, आणि चांग घराण्याला कुंगांच्या घरी आजोळचा मान मिळाला. त्या घरातील वडील स्त्रीच्या हाती एक काठी असे आणि तिच्या जोरावर ती खुद्द वतनदाराच्या पत्नीलाही चार शब्द सुनावू शके, असे सांगतात.

१०५५ साली सुंग सम्राट रन-त्सुंग याने शेहेचाळीसाव्या पिढीच्या कुंग त्सुंग-युआन याला 'येन-शेंग', अर्थात 'पुण्यपुरुषाचा वंश विस्तारणारा', ही सरदारकी दिली, आणि हीच पदवी पुढे जवळजवळ नऊशे वर्षे चालली. परंतु सत्तर वर्षे उलटतात न उलटतात तोच उत्तरेकडून जुर्चेन स्वार आले, सुंग दरबार दक्षिणेस पळाला, आणि ११२८ मध्ये अठ्ठेचाळीसावा वारस कुंग त्वान-यू हाही कन्फ्यूशियस व त्याच्या पत्नीच्या लाकडी मूर्ती बरोबर घेऊन सम्राटामागे निघाला. त्याचे बिऱ्हाड चूचौ येथे पडले. इकडे जुर्चेनांनाही आपल्या राज्यास शोभा आणणारा कुंग हवाच होता; त्यांनी मागे राहिलेल्यांतून एकास तीच पदवी दिली. एका पदवीचे असे दोन धनी झाले: दक्षिणेकडे मूर्ती आणि वडीलधारी शाखा, उत्तरेकडे देऊळ आणि थडगी. हा तंटा कुब्लाई खानापुढे आला. मंगोलांनी सारा चीन जिंकल्यावर १२८२ मध्ये त्याने दक्षिणेकडील त्रेपन्नाव्या पिढीच्या कुंग चू यास बोलावून, चुफूस परत जा आणि सरदारकी घे, असे फर्माविले. कुंग चूने उत्तर दिले ते असे की, माझ्या लगतच्या पूर्वजांची थडगी आता चूचौला आहेत, ती टाकून मला जाता येत नाही. चुफूच्या भाऊबंदांनी आद्य पूर्वजाची थडगी राखली, तेव्हा पदवी त्यांचीच. खानाने त्याच्या या वागण्याला शाबासकी दिली, आणि पदवी उत्तरेस गेली ती गेलीच. दक्षिणेकडच्या शाखेला त्यानंतर १५०६ सालापर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षे, कोणतेही वंशपरंपरागत पद मिळाले नाही. भाऊबंदकीच्या इतिहासात वतन स्वखुशीने सोडून देणारा असा पुरुष विरळा.

मिंग राजवटीपासून या घराण्याच्या नावांना एक विलक्षण शिस्त आली. छप्पन्नाव्या पिढीपासून प्रत्येक पिढीला एक अक्षर नेमून दिले गेले, आणि त्या पिढीतील मुलग्यांनी नावात ते वापरावे असा नियम झाला. त्यामुळे कुंग माणसाचे नाव ऐकताच जाणता मनुष्य त्याची पिढी सांगू शकतो: १६९९ मध्ये 'पीचवृक्षाच्या फुलांचा पंखा' हे नाटक पुरे करणारा कुंग शांग-रन 'शांग' अक्षरामुळे चौसष्टावा; चँग कै-शेकच्या सरकारचा अर्थमंत्री कुंग श्यांग-शी 'श्यांग' अक्षरामुळे पंचाहत्तरावा. दोन कुंग भेटले असता वयाने लहान असलेला पिढीने आजोबा ठरू शकतो, आणि तसे झाल्यास पांढऱ्या केसांच्या माणसाला त्यापुढे वाकावे लागते. पण कुळाची अक्षरे कितीही पवित्र असोत, सम्राटाचे नाव त्यांहून पवित्र. पासष्टाव्या पिढीचे 'यिन' हे अक्षर युंग-चेंग सम्राटाच्या नावात होते, म्हणून ते बदलून 'येन' करावे लागले. उलट याच सम्राटाने १७२५ मध्ये हुकूम काढला की, कन्फ्यूशियसचे च्यू हे नाव ज्यांचे आडनाव आहे त्यांनी त्या अक्षराला एक जादा चिन्ह जोडून लिहावे. अशा रीतीने एका कुंगाच्या नावाखातर दुसऱ्या एका कुळाचे आडनावच कागदोपत्री बदलले, आणि आजही अनेकजण ते तसेच लिहितात.

नव्या धन्याला रुजू होण्याची किंमत किती, हे १६४५ मध्ये कळून आले. चीन जिंकणाऱ्या मांचूंनी प्रत्येक पुरुषाने कपाळावरचे केस काढून मागे वेणी ठेवावी असा सक्त हुकूम सोडला. देहाचे केस हे आईबापांचे देणे, ते तोडू नयेत, अशी कन्फ्यूशियसच्या पंथाची शिकवण. म्हणून कुंग वन-प्याव नावाच्या अधिकाऱ्याने अर्ज केला की, निदान गुरूच्या वंशजांना तरी पूर्वापार वेष ठेवू द्यावा. उत्तर आले की, अशा अर्जाला मृत्युदंडच योग्य, परंतु अर्जदार पुण्यपुरुषाच्या कुळातला म्हणून जीव वाचला. तो कायमचा बडतर्फ. येन-शेंग वतनदाराने त्याआधीच डोके पुढे केले होते. वतन राहिले, केस गेले.

आणि वतनही लहान नव्हते. चुफूचा वाडा, दुमाला जमिनी, कूळ-रयत, देवळाचे चाकर, स्वतःची कचेरी, असा तो राज्यातला राज्यकारभार होता. १७५६ पर्यंत चुफू तालुक्याचा सरकारी अंमलदारही कुंगच असे. वाड्याच्या जनानखान्यात पाणक्यालाही पाऊल टाकण्याची मनाई होती. भिंतीत बसविलेल्या दगडी पन्हळीत तो बाहेरून पाणी ओती आणि ते आत वाहत जाई. आतल्या दाराच्या पडभिंतीवर एक लोभी श्वापद रंगविलेले आहे: सारी रत्ने पायांशी असून ते सूर्य गिळायला निघाले आहे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वतनदाराची नजर आधी त्याच्यावर पडावी, हा हेतू. १५३४ ते १९४८ पर्यंतचे या वाड्याचे दफ्तर आज सुरक्षित आहे, आणि त्यात खंड, सारा, लग्ने, तंटे, वारसा यांची इतकी नोंद आहे की, हे कूळ जितके रक्ताने तितकेच कारकुनाच्या बोरूने जगले असे वाटल्यावाचून राहत नाही.

१९११ च्या क्रांतीने सम्राट गेला तरी सरदारकी राहिली. तिचा धनी, शहात्तरावा कुंग लिंग-यी, याने अखेरच्या वर्षांत, आधी नेमलेल्या अक्षरांच्या पुढे, आणखी वीस पिढ्यांची अक्षरे ठरवून सरकारमान्य करवून घेतली, म्हणजे एकशे पाचव्या पिढीपर्यंत जन्मणाऱ्या मुलांच्या नावांची त्याने व्यवस्था लावली. त्याला स्वतःला मात्र मुलगा नव्हता. १९१९ च्या हिवाळ्यात तो पेकिंगमध्ये वारला तेव्हा त्याची वांग नावाची उपपत्नी गरोदर होती. मुलगा झाला तर गादीवर तो. मुलगी झाली तर वतन दुसऱ्या शाखेत जाणार. २३ फेब्रुवारी १९२० रोजी तिचे दिवस भरले, तेव्हा मुलाची अदलाबदल होऊ नये म्हणून वाड्याभोवती शिपायांचा पहारा बसला होता आणि भाऊबंद व इतर गुरूंच्या कुळांतील वडीलधारी स्त्रिया आत येऊन थांबल्या होत्या. एरवी बंद असणारे मानाचे दरवाजेही उघडले गेले, जेणेकरून वारसाला यायला वाट मोकळी असावी. मुलगा झाला. त्याची आई सतरा दिवसांनी मरण पावली, आणि त्या मृत्यूविषयी वाड्यात कुजबुज उरली. कुंग ते-चेंग पाळण्यात असतानाच येन-शेंग झाला. १९३५ मध्ये सरकारने ती सरदारकी रद्द करून त्याला 'आद्यगुरूचा पूजाधिकारी' असे पद दिले. जपानी फौजा येताच त्याला चुफू सोडावे लागले, १९४९ नंतर तो तैवानात राहिला आणि २००८ मध्ये तिथेच वारला. पद नातवाकडे गेले, पण आता ते बिनपगारी आहे.

मागे राहिलेल्या चुफूत नोव्हेंबर १९६६ मध्ये पेकिंगहून लाल रक्षक विद्यार्थी आले. त्यांनी कन्फ्यूशियसचे थडगे खणले, त्यात काही सापडले नाही. लिंग-यीचे प्रेत मात्र बाहेर ओढले. लाखाहून अधिक थडगी असलेल्या त्या कुलवनात बाहेरच्या राजांनी केले नव्हते ते त्या दिवसांत झाले. तरीही वही पुन्हा उघडली. २००९ मध्ये जी नवी वंशावळ प्रसिद्ध झाली ती ऐंशी खंडांची असून तिच्यात वीस लाखांहून अधिक नावे आहेत. चौदाव्या शतकात एका राजकन्येच्या परिवारातून कोरियात गेलेल्या शाखेचे लोकही स्वतःला याच वंशाचे म्हणवितात. अन्य देशांतले, अन्य जमातींचे कुंगही या वेळी वहीत आले, आणि मुलींची नावे प्रथमच लिहिली गेली.

इतक्या मोठ्या वहीत एक नाव मात्र नाही. घरची कथा खरी धरली, तर त्रेचाळीसाव्या पिढीनंतरचे प्रत्येक नाव ज्याच्या मरणावर उभे आहे, तो चांग बाईचा मुलगा मारेकऱ्याच्या तलवारीसमोर कुंग म्हणून उभा केला गेला आणि कुंग म्हणूनच मेला. पण त्याला पिढीचा आकडा नाही. कुंग या अक्षरात पाकोळी पाहणारे बरोबर की स्तनाला लागलेले मूल पाहणारे, याचा निवाडा लिपिज्ञांनी करावा. त्या वर्षी चांग बाईच्या पदराखाली मुले दोन होती; वहीत एक आले.